रिकाम्या खोलीचं एक मिनिट

घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचंय, माईक कोणता घेऊ, असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, "घरावर पत्रा आहे की स्लॅब?" विचारणारा माझ्याकडे जरा काळजीनं बघतो. परवा आमच्या शाळेतल्या एका नव्या शिक्षिकेनं विचारलं. तिला दोन-चार कंपन्यांची नावं हवी होती. मी तिला घरी जाऊन त्या खोलीत दहा मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. ती गेली ती परत काही विचारायला आली नाही. मला त्याचा राग नाही. आप्पांनी मला हेच सांगितलं होतं तेव्हा केवळ घरमालक म्हणून मी त्यांचं ऐकून घेतलं, नाहीतर उठूनच आले असते.

आप्पा म्हणजे लक्ष्मण देवकते. तलवाड्याच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. मागच्या खोल्यांत ते आणि सुभद्रामावशी राहत. मुलगी सुमन लग्न होऊन दूर गेलेली. घराणं मेंढपाळांचं, पण मेंढरं केव्हाच गेली होती. उरल्या होत्या पाच शेळ्या आणि पत्र्याच्या पेटीतल्या घोंगड्या. माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यावर आप्पांनी तीस वर्षं लाउडस्पीकर सांभाळला. सभा, सत्कार, हंगामाची मोळी टाकायचा कार्यक्रम, सगळीकडे व्यासपीठाच्या मागं एका स्टुलावर आप्पा. मग एका वर्षी धरणात पाणी राहिलं नाही, ऊस उभा वाळला, गाळप झालंच नाही आणि कारखान्यानं माणसं घरी पाठवली. आप्पा आले ते स्वतःचे दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि पोतंभर वायर घेऊन.

लाउडस्पीकरवाला माणूस मोठ्यानं बोलणारा असेल अशी माझी समजूत. आप्पा इतकं हळू बोलत की किराणा दुकानदार त्यांना प्रत्येक जिन्नस दोनदा विचारी. टोपी ते डाव्या बाजूला वर सरकवून घालत, तो कान मोकळा राहावा म्हणून. समोरचा बोलू लागला की डोळे मिटत. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा झोपला. वायर कोपराला गुंडाळलेली त्यांना अजिबात खपत नसे. "पीळ बसतो तिला, मंग ती जल्मभर वाकडी चालती," म्हणत, आणि सैल मोठी वेटोळी घालून ठेवत. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा ते तशीच ठेवत, आणि मावशी ती मुद्दाम कोपराला गुंडाळत.

घरात आवाज होता तो मावशींचा. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी हाक मारली की ओढ्यापलीकडच्या शेळ्या माना वर करीत. आप्पा म्हणत, "आमच्या घरातल्या भोंग्याला वायर लागत न्हाई." हे ते हळूच म्हणत, पण नेमकं हेच मावशींना ऐकू जाई. "अवं, वायर न्हाई म्हून तर बंद करता येत न्हाई तुमाला!" असं उत्तर आतून येई.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. त्यांना मोबाइलवर पाठवायला धडे वाचून ठेवावेत असं माझ्या डोक्यात आलं, म्हणून मी आप्पांना माईकचं विचारलं. त्यांनी मला माझ्याच खोलीत दुपारी बसवलं, डोळे मिटायला लावले आणि दहा मिनिटांनी विचारलं, "काय काय ऐकलंत?"

"काही नाही. शांतता होती."

"शांतता?" आप्पा हसले. "पत्रा तापून टिकटिक वाजायला. भिंतीवरलं घड्याळ हाय. फ्रिज हाय. तिकडच्या घरात कुनीतरी भाकरी थापायलंय. आन तुमच्या बांगड्या, मॅडम. तुमी धा मिनटात हात चारदा हालविला."

मग त्यांनी निकाल दिला. सभेत असतो तसला साधा हातातला माईक घ्या, तोंडाशी धरून बोला. एक चांगला हेडफोन घ्या. बाकी काही नको. दुकानात एक नाजूक जातीचा माईक मिळतो, कंडेन्सर म्हणतात, तो बिलकुल आणू नका. "त्याला लई ऐकू येतं. पत्र्याच्या घरात कमी ऐकनारा माईक पायजे. माईक आवाजासाठी घ्यायचा नसतो, खोलीसाठी घ्यायचा असतो."

मी अर्थातच तो नाजूक माईक मागवला. चित्रात फार देखणा दिसत होता. गुणाकाराचा धडा रेकॉर्ड केला आणि आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत विचारणा सुरू झाली, "मॅडम, मागे कोण ओरडतंय?" मावशी होत्या. सात चोक अठ्ठावीसच्या मागं मावशी एका शेळीला तिच्या आईवरून काहीतरी सुनावत होत्या, अगदी स्वच्छ, शब्द न् शब्द. मी ओशाळले. धडा पुसून टाकला, माईक परत पाठवला आणि आप्पांनी सांगितलेला साधा आणला. त्यांना भिंतीतून सगळं कळलं होतंच.

त्यांच्या कारखान्यातली एक गोष्ट मला त्यांच्याकडून नाही, मावशींकडून कळली. वार्षिक सभेत सभासदांसाठी खाली एक माईक ठेवलेला असे. एका वर्षी वातावरण तापलेलं होतं, म्हणून सभेआधी कुणीतरी आप्पांना येऊन सांगून गेलं की प्रश्नांच्या वेळेला खालचा माईक खराब व्हायला पाहिजे. आप्पा हो-नाही काही म्हणाले नाहीत. प्रश्नांची वेळ आली. एक म्हातारा सभासद उठला आणि त्याचा आवाज असा खणखणीत घुमला की मागं भजी तळणारासुद्धा ऐकत उभा राहिला. नंतर आप्पांना बोलावून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "सायेब, मला माईक दुरुस्त करायचं शिकिवलंय. खराब करायचं कुनी शिकिवलंच न्हाई." दुसऱ्या दिवसापासून व्यासपीठ सुटलं. ऊस घेऊन आलेल्या गाड्यांचे नंबर पुकारायला त्यांना उन्हात यार्डात बसवलं, आणि पुढची आठ वर्षं ते तिथंच बसले. "आन तिथंबी नंबर आसे हळू पुकारायचे की डायवर लोकं खाली उतरून भोंग्याजवळ कान लावायचे," मावशी सांगत आणि पदर तोंडाला लावून हसत.

त्या उन्हाळ्यात गावात टँकर चार-चार दिवसांनी येऊ लागला, आणि त्याच उन्हाळ्यात मावशींचा आवाज बसला. आधी आम्ही सगळ्यांनी हळद-दुधावर भागवलं. उन्हानं झालं असेल, धुळीनं झालं असेल. मावशी घोगऱ्या आवाजातसुद्धा शेळ्यांना शिव्या देतच होत्या, पण शेळ्या आता माना वर करत नव्हत्या. दीड महिना गेला तेव्हा आप्पा एकदा माझ्या दारात येऊन म्हणाले, "मॅडम, ही घशाची खरखर न्हाई. ही आतली खरखर हाय. जरा संगट येता का अंबाजोगाईला?"

मोठ्या दवाखान्याच्या खिडकीपाशी पेशंटचं नाव विचारलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. खिडकीतल्या माणसानं पुन्हा विचारलं, मागची रांग चुळबुळायला लागली, तरी आप्पा माझ्याकडेच बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसानं बायकोचं नाव कधी तोंडानं घेतलेलंच नाही. "अगं", "ऐकलं का", फार तर "सुमनची माय". नाव मी सांगितलं.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खुर्ची ओढून मावशींसमोर बसून सांगितलं. गाठ स्वरयंत्रावर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. गळ्याला खाली एक भोक ठेवतात, श्वास तिथून घ्यायचा. ऑपरेशनला पंधरा दिवस होते.

परतीच्या एसटीत मावशीच आम्हा दोघांची समजूत काढत होत्या. "जीव ऱ्हायलाय ना? मंग आवाजाचं काय लोणचं घालायचंय?" आप्पा खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "घालायचंय." आणि मग माझ्याकडे वळून, "मॅडम, त्यो तुमचा गुणाकाराचा धडा हाय का आजून? ज्येच्यात ही मागं वरडायली?"

मी तो पुसला होता. तीस वर्षं ज्याच्या हाताखालून हजारो माणसांची भाषणं गेली, त्या माणसाच्या घरात मावशींचा धडधाकट आवाज कुठंच नव्हता, आणि जिथं एकदा होता तिथून मी तो लाज वाटली म्हणून काढून टाकला होता. त्या एसटीत मला रडू आलं ते मावशींच्या गाठीपेक्षा त्या धड्यासाठी जास्त, हे कबूल करते.

आप्पांचं मात्र दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. रेकॉर्डिंग त्यांनी कधी केलं नव्हतं. "आवाज लांब न्यायचं मला म्हाईत हाय, मॅडम. जवळ ठिवायचं म्हाईत न्हाई," म्हणाले. लॅपटॉप माझा होता. माईक, त्याचा आवाज लॅपटॉपात नेणारी डबी, तिला इंटरफेस म्हणतात, हेडफोन आणि स्टँड एवढं घ्यायचं ठरलं. दोन्ही भोंगे आणि ॲम्प्लिफायर गेवराईच्या एका मंडपवाल्याला देऊन टाकले. पोतं रिकामं करताना आप्पांनी प्रत्येक वायर एकदा हातातून ओढून बघितली, सरळ आहे ना म्हणून.

एका तपासणीसाठी मावशींना औरंगाबादला न्यायचंच होतं, तिथं आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदारानं नवशिक्यांसाठी सगळं एकत्र असलेला एक खोका पुढं केला. आप्पांनी तो बाजूला सरकवला आणि आधी हेडफोन मागितले. कानाला लावले आणि मावशींना म्हणाले, "बोल काहीतरी." मावशी म्हणाल्या, "काय बोलू? पाय दुखायलेत." आप्पा म्हणाले, "ऐकू आलं. बाहेरचं आत येतंय. दुसरे द्या."

दुसरे लावले. मावशी पुन्हा बोलल्या, हात हलवून बरंच काही बोलल्या. आप्पा नुसते त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांचा चेहरा असा पडला की दुकानदारानं विचारलं, "पसंत नाहीत का?" आप्पांनी हेडफोन घाईनं काढले आणि म्हणाले, "चांगले हायेत. हेच द्या."

मग माईक. एक साधा, मला घ्यायला लावला तसा. दुसरा तो नाजूक. मावशी दोन्हींत बोलल्या, आप्पांनी डोळे मिटून ऐकलं. साध्यात मावशींचा आवाज जाडाभरडा पण मोकळा येत होता, मागचं दुकान गायब. नाजूक माईकमध्ये रस्ता होता, पंखा होता, बांगड्या होत्या, बोलायच्या आधी मावशी घेत तो श्वास होता. मी त्यांच्याच तोऱ्यात म्हणाले, "आप्पा, पत्र्याच्या घरात कमी ऐकणारा घ्यायचा ना?"

मावशी तोवर बाजूच्या पेट्या-तबल्यांपाशी जाऊन बसल्या होत्या. आप्पा माझ्याजवळ सरकले आणि नेहमीपेक्षाही हळू म्हणाले, "मॅडम, मला नुसता आवाज न्हाई पायजे. ती पायजे."

नाजूक माईक घेतला.

आता घर त्याच्याजोगं करायचं होतं. मी स्पंजच्या पट्ट्यांचं सुचवलं. आप्पांनी पेटी उघडली आणि मधल्या खोलीच्या चारी भिंतींना आणि पत्र्याच्या खालून घोंगड्या लावल्या. टाळी वाजवली, आवाज जिथल्या तिथं मेला. "लोकर सगळं पिऊन टाकती," ते खूश होऊन म्हणाले. मावशी दारात उभ्या होत्या. "भिंतीला घोंगडी! आन थंडीत मी काय पांघरू, भिंत?" फवारणीच्या पंपाची दांडी स्टँड झाली. तोंडाची फुंकर माईकवर जाऊ नये म्हणून पिठाच्या जुन्या चाळणीच्या कड्याला पातळ कापड शिवलं, तेही मावशींनीच, कुरकुरत. रेकॉर्डिंगची वेळ दुपारी, वीज जायची तेव्हा. सगळं गाव लोडशेडिंगला शिव्या देई, आणि आप्पा घड्याळाकडे बघत वीज जायची वाट बघत. फ्रिज बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. लॅपटॉप बॅटरीवर.

पहिला दिवस छान गेला. तिसऱ्या दिवशी प्रत्येक शब्दाच्या मागं काहीतरी हंबरू लागलं. मावशी "पाणी" म्हणाल्या की मागं कुणीतरी लांबट "ईऽऽ" करी. आप्पांनी सगळ्या वायरी तपासल्या. मी इंटरफेसला दोष दिला आणि तो परत पाठवायची तयारी केली. अख्खा दिवस त्यात गेला, आणि दिवस आमच्याकडे मोजकेच होते. आप्पा जेवलेसुद्धा नाहीत. शेवटी मावशीच उठल्या, खोलीच्या कोपऱ्यात गेल्या आणि पाण्याच्या टिपाडावर बोटाचं पेर वाजवलं. टिपाड हंबरलं. "खाली झालंय ना हे. सोमवारी टँकर आलता तवा गप व्हतं." रोज सकाळी टिपाड वाजवून पाणी किती उरलं ते ओळखणाऱ्या बाईला जे कळलं, ते तीस वर्षांच्या लाउडस्पीकरवाल्याला कळलं नव्हतं. आप्पा कपाळाला हात लावून खाली बसले आणि पहिल्यांदाच त्या पंधरवड्यात मोठ्यानं हसले.

आम्ही तिन्ही टिपाडं उचलून अंगणात ठेवली. त्यातून नवाच घोळ झाला. आमची टिपाडं बाहेर आलेली बघून गल्लीला वाटलं टँकर येतोय. दहा मिनिटांत घागरी, कळश्या, डबे घेऊन वीस-पंचवीस माणसं दारात. आप्पांनी हात जोडून सांगितलं की टँकर नाही, रेकॉर्डिंग आहे. "कशाचं बे रेकॉर्डिंग?" एकानं विचारलं. मावशींनीच घोगऱ्या आवाजात सांगितलं, "माजं. ऑपरेशन हाय म्हून." लोकांनी घागरी खाली टेकवल्या. मग एक बाई म्हणाली, "आमी दुपारी पोरं घरात कोंडून ठिवतो, मावशी," आणि खरोखर त्यानंतर रोज दुपारी आमची गल्ली गप्प असे.

आप्पांचा एक नियम होता. मावशींनी काही बोलायच्या आधी एक मिनिट नुसत्या खोलीचं रेकॉर्डिंग घ्यायचं. खोलीचा स्वतःचा आवाज आपल्याजवळ असला की नंतर मधले सांधे जुळवता येतात, असं त्यांनी कुठून तरी शिकून घेतलं होतं. हेडफोन लावून ते तर्जनी वर करत. बोट वर म्हणजे मिनिट सुरू, कुणी हलायचं नाही. बोट खाली आलं की मी बंद करायचं.

ते मिनिट कधीही पुरं झालं नाही. बोट वर गेलं की मावशींना काहीतरी आठवे. "अवं, दुधाला विरजण लावलं का?" बोट खाली. पुन्हा वर. "पोरी, तुला ह्यो रंग बराय गं." पुन्हा खाली. "एक मिनिट गप बसाय काय हुतंय तुला?" आप्पा म्हणत. "चाळीस वर्सं गपच हाय मी!" मावशी म्हणत. मी त्या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या फायलींना 'खोली १', 'खोली २' अशी नावं देत गेले.

आणि माईकसमोर बोलायची वेळ आली की बाई पाटीवर लिहिल्यासारखं बोलत. लग्नाची हकिकत सांगा म्हटलं तर तीन वाक्यांत संपली. शेळ्यांना मारता ती हाक मारा म्हटलं, तर "समोर शेरडं न्हाईत, कुनाला हाक मारू?" आप्पा गेले आणि एक शेळी खोलीत घेऊन आले. शेळीनं घोंगडी हुंगली, माईकची वायर तोंडात धरली, आणि मावशींचा जुना सूर क्षणभर परत आला. तेवढीच एक हाक चांगली मिळाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "मॅडम, खोलीच्या फायली पुसू नका. ती त्येच्यातच हाय." मी म्हणाले, नाही पुसणार. एकदा पुसून झालं होतं.

मी त्यांना विचारलं होतं, तुमचं पण थोडं घेऊ का? ते म्हणाले, "मी मागं बसनारा मानूस."

ऑपरेशन नीट झालं. मावशी महिन्याभरानं घरी आल्या, गळ्याला पांढरा पातळ रुमाल बांधून. आप्पांनी मोठ्या हौसेनं त्यांना त्यांचं रेकॉर्डिंग लावलं. पहिली फाइल दहा सेकंदही वाजली नसेल. मावशींनी हेडफोन काढून खाली ठेवले आणि हातानं खूण केली, नको. आप्पांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. एकदा संध्याकाळी त्यांनी मोबाइलवरून ती शेळ्यांची हाक लावून बघितली. शेळ्या थांबल्या, मोबाइलकडे न बघता ओट्यावर बसलेल्या मावशींकडे बघितलं आणि त्यांच्याकडे गेल्या. आप्पांनी मोबाइल खिशात टाकला. मला फार वाईट वाटलं. एवढा खटाटोप केला आणि ऐकणारं कुणीच नाही, असं माझ्या मनात आलं.

माझी बदली माजलगावच्या बाजूला झाली. टेम्पोत सामान भरून झालं होतं, लॅपटॉप तेवढा पिशवीत होता. आप्पा आले. "एकदा माईक लावायचा हाय, मॅडम. धा मिनटं."

मधल्या खोलीत घोंगड्या तशाच होत्या. मावशी नेहमीच्या जागी बसल्या. मी विचारलं, काय घ्यायचंय? आप्पा म्हणाले, "खोलीचं मिनिट. ऱ्हायलंय ते."

वीज गेलेली होती. त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले आणि बोट वर केलं.

मी लॅपटॉपवरचे सेकंद बघत होते. वीस. तीस. कुणी दुधाचं विचारलं नाही. चाळीस. पन्नास. मिनिट पुरं झालं, आणि आप्पांचं बोट खाली आलं नाही. सव्वा मिनिट झालं. मावशी उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांचं बोट मुठीत धरून हळूच खाली आणलं. आप्पांनी डोळे उघडले, हेडफोन काढून माझ्या कानांना लावले आणि म्हणाले, "ऐका." फाइल चालूच होती. मला मावशींच्या गळ्यातला श्वास ऐकू आला, बारीक, एकसारखा, आणि बांगड्या. साध्या माईकला यातलं काही कळलं नसतं.

मी कामाचं विचारलं. "खोली बावीस लिहू का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "सुभद्रा लिव्हा."

मावशींनी त्यांच्या दंडावर चापट मारली आणि तोंडाला पदर लावला. मी निघाले तेव्हा आप्पा माईकची वायर सैल वेटोळी घालून ठेवत होते, टोपी डावीकडून वर सरकलेली. त्यानंतर मला ते भेटले नाहीत. दोन वर्षांनी, साध्या तापाचं निमित्त होऊन ते गेले.

मी भेटायला गेले तेव्हा माणसं उठून गेल्यावर मावशींनी माझ्या पिशवीवर हात ठेवला आणि कानाला लावून दाखवला. मी लॅपटॉप काढला, हेडफोन दिले. शेळ्यांची हाक लावायला गेले तर त्यांनी मान हलवली. लग्नाची हकिकत, तीही नको. मग मला कळलं. मी 'सुभद्रा' लावली.

त्या दिवशी फाइल बंद करायची मी विसरले होते. बोट मावशींनी खाली आणलं आणि मी त्या दोघांकडे बघत राहिले. सव्वा मिनिट खोली, मग आप्पांचं 'ऐका', मग माझा फाटका आवाज, आणि मग पुन्हा आप्पा. हळू, पण त्या माईकला ऐकू आलेले. सगळ्या फायलींत ते नाव त्यांच्या तोंडून एवढ्या एकाच ठिकाणी आहे.

मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. संपलं तेव्हा त्यांनी तर्जनी वर केली. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं.